पदक चिंचेने घासू नका : पहिल्या महायुद्धाविषयी वाचकांचे प्रश्न

११ नोव्हेंबर जवळ आला की माझ्याकडे येणारी पत्रे वाढतात. प्रश्न मात्र दरवर्षी तेच असतात. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धाची सरमिसळ, मोबाइलवर फिरणारे आकडे, आणि "आमचे पणजोबा बसऱ्याला (आजच्या इराकात) गेले होते म्हणतात, काही कळेल का?" प्रत्येकाला वेगळे उत्तर लिहिणे आता जमत नाही. निवडक प्रश्न इथे एकत्र घेते आहे. आपला प्रश्न दिसला नाही तरी सगळी उत्तरे वाचावीत, कारण निम्म्या पत्रांचे उत्तर दुसऱ्याच्या पत्रात आहे.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या एका पुस्तकात पहिले महायुद्ध १९१८ मध्ये संपले असे आहे, दुसऱ्यात १९१९. कोणते खरे धरू? (विद्यार्थिनी, बार्शी)

दोन्ही. पश्चिम आघाडीवरच्या तोफा ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी ११ वाजता थांबल्या. ती शस्त्रसंधी, म्हणजे लढाई थांबवण्याचा करार. जर्मनीबरोबरचा तह व्हर्साय इथे २८ जून १९१९ रोजी झाला. जर्मनीच्या बाजूने लढणाऱ्या ऑटोमन तुर्कांनी त्याआधीच, ३० ऑक्टोबर १९१८ ला शस्त्रसंधीवर सही केली होती आणि तुर्कस्तानशी शेवटचा तह व्हायला १९२३ उजाडले. प्रश्नात 'शस्त्रसंधी' आहे की 'तह' हे नीट वाचा. क्लासच्या झेरॉक्स नोट्सवर विसंबू नका. शंका राहिली तर कॉलेजातल्या इतिहासाच्या शिक्षकांना मूळ पुस्तक दाखवून विचारा.

प्रश्न : जर्मनी, इटली आणि जपान ही अक्षराष्ट्रे एका बाजूला होती ना? (बोरिवली)

नाही, ते दुसरे महायुद्ध. पहिल्यात जपान ऑगस्ट १९१४ पासून ब्रिटनच्या बाजूने होता आणि इटली मे १९१५ मध्ये जुना करार मोडून त्याच बाजूला आला.

प्रश्न : नाईक यशवंत घाडगे पहिल्या महायुद्धात लढले का? शाळेच्या फलकावर तसे लिहायचे आहे. (शिक्षक, रायगड)

लिहू नका. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो १० जुलै १९४४ च्या इटलीतल्या पराक्रमासाठी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात. फलक रंगवण्याआधी मजकूर बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्राकडून तपासून घ्या.

प्रश्न : एका सँडविचमुळे महायुद्ध झाले हे खरे आहे का? मारेकरी सँडविच खायला थांबला आणि राजपुत्राची गाडी नेमकी समोर आली असा संदेश आला आहे. (ठाणे)

सँडविचला कोणताही समकालीन आधार नाही. गोष्ट चटकदार आहे म्हणून फिरते, एवढेच.

घडले ते असे. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो शहरात ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांच्यावर सकाळी आधी बॉम्ब फेकला गेला. तो चुकला. पुढे गाडी चुकीच्या रस्त्याला वळली, थांबली, आणि तिथे उभ्या असलेल्या १९ वर्षांच्या गाव्ह्रिलो प्रिन्सिपने दोघांना गोळ्या घातल्या. इथपर्यंत योगायोग मान्य. पण त्यानंतर एक पूर्ण महिना गेला आहे, आणि संदेश लिहिणारे तो महिनाच गाळतात. जर्मनीने जुलैच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाला "काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत" असे आश्वासन दिले. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता धाडला. २८ जुलैला युद्ध पुकारले. रशिया सर्बियाच्या मदतीला सैन्य गोळा करू लागला. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाशी, ३ ला फ्रान्सशी युद्ध जाहीर केले, ४ ला बेल्जियममध्ये सैन्य घुसवले आणि त्याच दिवशी ब्रिटन उतरला. ब्रिटन उतरला म्हणजे हिंदुस्थानही उतरला. आपल्याला कोणी विचारले नाही.

या महिन्यात किमान पाच राजधान्यांत माणसे टेबलाभोवती बसून निर्णय घेत होती. त्यांची जबाबदारी एका उपाहारावर ढकलणारा संदेश पुढे पाठवू नका. कुठल्या देशाचा दोष किती, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. त्यात शिरायचे असेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन एकापेक्षा अधिक पुस्तके वाचावी लागतील.

प्रश्न : माझे पणजोबा १९२० मध्ये इराकात वारले. युद्ध तर १९१८ ला संपले होते. मग त्यांना महायुद्धातले म्हणायचे का? (वाई)

म्हणायचे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले सेवेतले मृत्यू पहिल्या महायुद्धातले धरतो. नोंद आहे का ते आयोगाच्या संकेतस्थळावर पाहा. सापडली नाही तर कागदांच्या प्रती जोडून त्यांनाच लिहा.

प्रश्न : इंडिया गेटवर नव्वद-पंच्याण्णव हजार स्वातंत्र्यसैनिकांची नावे कोरली आहेत आणि त्यांची धर्मवार यादी असा संदेश आला. आमच्या गावचे कोणी असेल का? (लातूर)

तो संदेश पूर्ण खोटा आहे. इंडिया गेट हे सैनिकांचे स्मारक आहे, स्वातंत्र्यसैनिकांचे नाही. १९१४ ते १९२१ या काळात मरण पावलेल्या सुमारे ७० हजार हिंदी सैनिकांसाठी ते उभारले आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्यावर नावे आहेत तेरा हजारांहून थोडी अधिक, आणि त्यांत ब्रिटिश अधिकारीही आहेत. मेलेल्या शिपायांची धर्मवार मोजदाद करून ती एकमेकांच्या अंगावर फेकण्यासाठी वापरणे मला फार क्लेशदायक वाटते. त्यांना स्वातंत्र्यसैनिक ठरवण्याचीही गरज नाही. ते पगारासाठी, घराण्याच्या रिवाजासाठी, कधी दुष्काळात पोट भरावे म्हणून गेले. तेवढ्याने त्यांचे मरण कमी होत नाही.

गावचे नाव शोधायचे तर वरच्याच आयोगाच्या यादीत शोधा. दिल्लीला जाऊन दगडावर शोधत बसू नका.

प्रश्न : लोकमान्य टिळकांनी इंग्रजांच्या सैन्यभरतीला पाठिंबा दिला होता, हे पटत नाही. (पुणे)

दिला होता, पण अट घालून. लढायला माणसे हवीत तर अधिकार द्या, स्वराज्य द्या, अशी ती भूमिका होती. १० जून १९१८ ला मुंबईच्या युद्ध परिषदेत ते हा मुद्दा मांडू लागताच गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना अडवले आणि टिळक सभेतून निघून गेले. 'केसरी'चे त्या महिन्यांतले अंक ग्रंथालयात पाहता येतात. ते वाचून मत बनवा.

प्रश्न : आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत तीन पदके सापडली. एक चांदणीसारखे, एक चांदीचे, त्यावर घोड्यावर बसलेला उघडा माणूस, आणि एक पितळी दिसणारे, त्यावर पंखांची बाई. सौभाग्यवतींनी चिंच लावून लख्ख केली. ओळखीच्या सराफाने चांदीच्या वजनाचे पैसे सांगितले. शहरातला एक गृहस्थ तिन्ही मिळून जास्त देतो म्हणतो, शिवाय पंचवीस हजारांत पणजोबांची 'पूर्ण लष्करी फाइल' काढून देतो म्हणतो. काय करावे? (खटाव)

आधी चिंच बंद करा. आज, हे वाचून झाल्यावर लगेच.

गेली तीस वर्षे सातारा, सांगली, रत्नागिरी, कोल्हापूरच्या घरांतून मी हेच पाहते आहे. सण आला की तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर पदके घासली जातात. चिंच, राख, लिंबू-मीठ, आता तर टूथपेस्ट. पदक चकचकीत होते आणि त्याची कड झिजते. घरच्यांना वाटते राजाचा चेहरा महत्त्वाचा. राजाचा चेहरा लाखो पदकांवर आहे. तुमच्या पणजोबांचे नाव फक्त त्या कडेवर आहे.

तुमच्याकडे आहेत ती तीन पदके अशी. चांदणी म्हणजे '१९१४-१५ स्टार', काशाचा. १९१५ संपण्याआधी जो रणभूमीवर पोचला त्याला तो मिळाला. त्याचे नाव मागच्या बाजूवर ठोकलेले असते. घोडेस्वाराचे चांदीचे ते ब्रिटिश युद्धपदक आणि पंखांच्या विजयादेवीचे ते विजयपदक. या दोन्हींवर शिपायाचे नाव कडेवर असते. रोमन लिपीत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण, एवढे सगळे त्या एवढ्याशा पट्टीवर बसवलेले. खोलीत अंधार करा, टॉर्च आडवा धरा आणि पदक न घासता हळूहळू फिरवा. अक्षरे सावलीने वर येतात. फोटो काढा. नंबर वहीत लिहा, कारण नावावर फार भिस्त ठेवता येत नाही. इंग्रज कारकुनाने ऐकू आले तसे लिहिले आहे, आडनाव बहुतेक वेळा नाही, गाव तर नाहीच. एका पलटणीत चार 'रामा' निघतात. नंबर एकाचाच असतो.

पलटणीचा आकडाही जपून वाचा. १०३, १०५ आणि ११० या मराठा लाइट इन्फन्ट्री, ११४, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी. १०३, ११० किंवा ११७ दिसले आणि स्टारही असला, तर तुमचे पणजोबा बहुधा सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर गेले. हे सैन्य नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणच्या आखातात फाओला उतरले, बसरा घेतले, टायग्रिस नदीने वर सरकत वर्षभराने बगदादच्या दाराशी टेसिफॉनला पोचले आणि तिथून रक्तबंबाळ होऊन कुट-अल-अमारा या नदीच्या वळणावरच्या गावात मागे आले. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा. जवळजवळ पाच महिने. सोडवायला आलेल्या फौजेचेच सुमारे २३ हजार मेले किंवा जखमी झाले. आत धान्य संपत आले, घोडे कापले गेले, ते मांस अनेक हिंदी शिपायांनी धर्मापोटी खाल्ले नाही आणि स्कर्व्हीने हिरड्या सुजून ते झिजत गेले. २९ एप्रिल १९१६ ला या सैन्याचा सेनापती जनरल टाउनशेंडने शरणागती दिली. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांना उन्हातून पायी बगदाद, मोसुल आणि पुढे रास-अल-ऐनच्या रेल्वेकामावर नेले. हजारो परतले नाहीत.

आता मुद्दा. बसऱ्याला या मोहिमेतल्या ४० हजारांहून अधिक मृतांचे स्मारक आहे. ब्रिटिश शिपायांची नावे तिथे कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांच्या पलटणीपुढे नुसता आकडा घातला, इतके जण. २०२१ मध्ये आयोगाने आपल्या अहवालात ही विषमता मान्य केली आणि माफी मागितली. माफी शंभर वर्षांनी आली आणि शिपायांच्या सेवेच्या बहुतेक फाइली तोवर नाहीशा झाल्या होत्या. ज्या माणसाचे नाव दगडावर नाही, फाइलीत नाही, त्याचे नाव कुठे उरले असेल? तुमच्या ट्रंकेतल्या त्या कडेवर. म्हणून चिंचेचे नाव काढले की माझा आवाज चढतो.

सराफाला दोष देत नाही, तो त्याच्या काट्याने मोजतो. पण एका घरी पदके पाहायला गेले तेव्हा चांदीचे पदक नव्हतेच. त्याचे नातवाला वाळे करून घातले होते, आणि वाळेही पुढे मोडीत गेले. उरला होता तो स्टार, घासून मागची बाजू आरशासारखी. सासूबाईंना मेडलवाल्याचे नाव आठवत नव्हते.

शहरातल्या गृहस्थांबद्दल स्पष्ट लिहिते. 'पूर्ण लष्करी फाइल' हा शब्द ऐकला की सावध व्हा, कारण साध्या हिंदी शिपायाची तशी फाइल आज क्वचितच हाती लागते. पैसे घेऊन तो जे देतो ते बहुतेक वेळा आयोगाच्या संकेतस्थळावरचे, कोणालाही फुकट दिसणारे पान असते, रंगीत छापून आणि चौकटीत घालून. दुसरी युक्ती अशी की ब्रिटिश युद्धपदक काशाचे निघाले की "नकली आहे" म्हणून ते शंभर-दोनशेत उचलायचे. नकली नसते. मजूर आणि हमाल पलटणींना तेच पदक काशात दिले होते. ज्याने फ्रान्समध्ये किंवा बसऱ्याच्या धक्क्यावर गोणी वाहिल्या, त्याला चांदी मिळाली नाही, त्याच्या नातवंडांनाही फसवले जाते.

तुम्ही करायचे ते हे. पदके सुती कापडात, प्रत्येक वेगळे, कोरड्या डब्यात. प्लास्टिकच्या पिशवीत नको, रबरबँड नको. फितीचा तुकडा राहिला असेल तर तो कितीही मळका असो, धुऊ नका. नंबर आणि पलटण घेऊन आधी आयोगाची यादी पाहा. मग बेळगावच्या केंद्राला पत्र लिहा, सोबत फोटो. पलटणींच्या युद्धकाळातल्या रोजनिश्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत शिपायाचे नाव सहसा येत नाही, पण कोणत्या दिवशी पलटण कुठे होती ते कळते. पदकावर काळे-हिरवे डाग असतील तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन विभागाला विचारा, घरी काही लावू नका. विकायचेच ठरले तर तो तुमचा हक्क आहे, पण शंभर वर्षांपुढची वस्तू परदेशी जाणार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याचा सल्ला घ्या. आणि विकण्यापूर्वी कडेचा फोटो काढा. एवढे तरी करा.

दिवाळीनंतर बघू, सुट्टीत बघू, मुलगा पुण्याहून आला की बघू, असे मला लिहू नका. आजीला पणजोबांचे काही आठवत असेल तर आज रात्री जेवताना विचारा आणि फोनवर तिचा आवाज टिपून ठेवा.

प्रश्न : महार रेजिमेंट १९४१ ची. मग आमचे खापरपणजोबा १९१७ मध्ये महार पलटणीत होते, हे घरी सांगतात ते चुकीचे का? (महाड)

घरी सांगतात ते बरोबर असू शकते. १८९० च्या दशकात इंग्रजांनी 'लढवय्या जाती'च्या कल्पनेपायी महारांची भरती बंद केली. जुन्या सैनिकांच्या घरांवर तो मोठा आघात होता. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भरती पुन्हा सुरू करावी म्हणून विनंतीअर्ज धाडला, त्याला दाद मिळाली नाही. युद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली, आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. म्हणून घरच्या आठवणीला 'चुकीची' म्हणण्याआधी कडेवर १११ हा आकडा आहे का ते पाहा, आणि तो फोटो महार रेजिमेंटच्या केंद्राला पाठवून विचारा.

प्रश्न : युद्ध युरोपात झाले. महाराष्ट्राचा त्याच्याशी सैनिक सोडून काय संबंध? (नाशिक)

बसऱ्याची सगळी मोहीम मुंबई बंदरातून चालली. माणसे, खेचरे, पीठ, दारूगोळा इथून गेले आणि जखमी इथे आले. आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय तेव्हा नुकते बांधून झाले होते, त्यात लष्करी रुग्णालय होते. अहमदनगरला जर्मन-ऑस्ट्रियन नागरिकांची नजरकैद छावणी होती. 'वुल्फ' या जर्मन जहाजाने १९१७ च्या सुरुवातीला मुंबईजवळ समुद्रात सुरुंग पेरले आणि २३ जून १९१७ ला 'मंगोलिया' हे प्रवासी जहाज त्यातल्या एकावर बुडाले. मशीद बंदरच्या खलाशी गृहात दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. कोकणातल्या वाचकांनी ते जरूर पाहावे आणि आपल्या गावची नावे शोधावीत.

जून १९१८ मध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झा उतरला तोही बंदरातूनच. पावसाळ्यानंतरची दुसरी लाट भयंकर होती. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी जी 'मानमोडी' येते ती हीच. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली, रणांगणावरच्या आपल्या मृतांच्या शंभरपटींहून जास्त. तुमच्या घराण्यात १९१८ च्या आश्विन-कार्तिकात एकदम तीन-चार माणसे गेल्याचे सांगतात का? तहसील कार्यालयात जुने कोतवाल बुक (गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही) उपलब्ध असेल तर नक्कल मागा. मोडी असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या, अंदाजाने नको.

प्रश्न : ब्रिटिश सरकारकडे आमच्या पणजोबांचे पैसे पडून आहेत, अर्जाची फी भरा असा फोन आला. (जत)

भरू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा आणि फोनची तक्रार पोलिसांत द्या.

प्रश्न : आमच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. 'या गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतके कामी आले' असे इंग्रजीत कोरले आहे. चावडी पाडून नवे सभागृह होणार आहे. पाटीला ऑइलपेंट देऊन ठेवायचा ठराव झाला आहे. रंग कोणता द्यावा? (सरपंच, सातारा जिल्हा)

कोणताही नाही. पाटी भिंतीतून काढण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या पुणे कार्यालयाला लेखी कळवा, चारी बाजूंनी फोटो घ्या, आणि पाडकाम करणाऱ्या ठेकेदाराला पाटी कुठे आहे ते स्वतः उभे राहून दाखवा. ठरावाची तारीख आणि पाडकामाची तारीख मला उलट टपाली कळवा. मी येते.